कुत्रं पाळणाऱ्या माणसाला कुत्रं नेमकं काय देतं?

२०२५ च्या ऑगस्टपासून आपल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक नवी फाळणी झाली आहे. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि आसपासची मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी सोडू नका. नोव्हेंबरात पुन्हा शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश आला. तेव्हापासून ग्रुपवर एक जण चावा घेतलेल्या लेकराचा फोटो टाकतो, दुसरा आपल्या कुत्र्याचा वाढदिवस टाकतो, आणि तिसरा वैतागून विचारतो, "एवढं काय ठेवलंय त्या कुत्र्यात?"

मोकाट कुत्र्यांचं काय करायचं, हा महापालिका आणि न्यायालयांचा विषय आहे. त्यात मी शिरत नाही. मला तिसऱ्या माणसाचा प्रश्न जास्त रास्त वाटतो. कुत्रं पाळणारी माणसं त्याच्याबद्दल पोटच्या पोरासारखं बोलतात, ते नुसतं खूळ आहे की त्यामागं काही आहे? गेल्या पंधरा-वीस वर्षांत यावर बरंच शास्त्रीय काम झालंय, आणि त्यातलं थोडं आपल्याच देशातल्या गावठी कुत्र्यांवर झालंय.

शेतीच्याही आधीचा सोबती

कुत्रं हे लांडग्याच्याच वंशातलं. गाय, शेळी, कोंबडी यांच्या कितीतरी आधी माणसाळलेला हा पहिला प्राणी. या सोबतीला किमान १५,००० वर्षं झाली असावीत, असं बहुतेक संशोधक मानतात. तेव्हा माणूस शेतीसुद्धा करत नव्हता.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ मध्ये एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं एक पिल्लू. वय साधारण १४,००० वर्षं. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा बारकाईनं अभ्यास झाला, तेव्हा कळलं की त्याला डिस्टेंपर झाला होता. आज पिल्लाला सुरुवातीलाच जी लस टोचतात, ती ज्या रोगांवर असते त्यातला हा एक. पिल्लू साधारण सात महिन्यांचं होऊन मेलं, पण आजार जडल्यावरही काही आठवडे तगलं. कुणी पाणी पाजल्याशिवाय, पुसून-पांघरून सांभाळल्याशिवाय हे होणं कठीण. शिकारीला काडीचाही उपयोग नसलेलं ते आजारी पिल्लू कुणीतरी सांभाळलं आणि मेल्यावर आपल्या माणसांशेजारी पुरलं.

पुढं शेती आली आणि कुत्र्याचं पोटही बदललं. धान्यातला पिठूळ भाग पचवायला जे पाचकद्रव्य लागतं, त्याचा जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतो. कुत्र्यात त्याच्या चारपासून तीसपर्यंत प्रती सापडतात. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. आपल्या आखाड्यावरचं कुत्रं ज्वारीची भाकर मिटक्या मारत खातं, ते असं. (म्हणून त्याला नुसत्या भाकरीवर ठेवा असा अर्थ नाही. अंडं, मांस, दूध-दही असं काही प्रथिनांचं लागतंच.)

डोळ्यात डोळे घातल्यावर काय होतं?

वासरानं कासेला ढुशी दिली की गाय पान्हा सोडते. हे घडवून आणणारं एक द्रव्य मेंदूत तयार होतं, त्याचं नाव ऑक्सिटोसिन. मराठवाड्यात गोठा असलेल्या माणसाला हे नाव नवं नाही. याच नावाचं इंजेक्शन टोचून म्हशीचं दूध काढायचे चोरटे उद्योग आपण ऐकलेत. बाळंतपणात कळा येण्यामागं हेच द्रव्य असतं, आणि आई तान्ह्या बाळाकडं बघत बसते तेव्हा दोघांच्या मायेलाही त्याचीच मदत होते.

२०१५ मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री आणि त्यांचे मालक अर्धा तास एका खोलीत एकत्र सोडले. आधी आणि नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. ज्या जोड्या एकमेकांकडं जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांच्यात ते वाढलं होतं, माणसातही आणि कुत्र्यातही. माणसानं लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांवरही हाच प्रयोग केला. लांडगे मालकाच्या डोळ्यांत फारसे बघतच नव्हते, आणि वाढही दिसली नाही.

आता एक सावधगिरी. लघवीतून असं द्रव्य मोजणं किचकट असतं, आणि नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत निकाल इतका ठळक आलेला नाही. त्यामुळं "कुत्र्याकडं बघा, ऑक्सिटोसिन वाढवा" असले फॉरवर्ड आले तर हसून सोडून द्या. पण आई-लेकरातली जी जुनी व्यवस्था आहे, तिच्यातच कुत्र्यानं आपली जागा करून घेतली आहे, हा मुद्दा मला पटतो. कारण कुत्र्याचा चेहराही तेच सांगतो. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक बारीक स्नायू कुत्र्यात चांगला असतो. लांडग्यात तो जवळजवळ नसतो. हे २०१९ चं संशोधन. कुत्रं ताटाशेजारी बसून जे केविलवाणं तोंड करतं, ते याच स्नायूच्या जोरावर. ब्रिटनमधल्या निवाऱ्यांत केलेल्या एका अभ्यासात, भुवया जास्त वेळा उचलणारी कुत्री लवकर घरी नेली गेली असं आढळलं. म्हणजे हजारो वर्षं आपण नकळत अशाच तोंडाच्या कुत्र्यांना घास जास्त घातला असणार.

"भाकरीपुरतं प्रेम असतंय हो ते!"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकलाय, आणि तो अगदीच खोटा नाही. कुत्र्याला भाकर कळतेच. पण तेवढंच कळतं का?

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट बरीच वर्षं आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतोय. त्यांनी एक साधा प्रयोग केला. अनोळखी माणूस मोकाट कुत्र्यांकडं पुन्हा पुन्हा गेला. काही कुत्र्यांना दर वेळी खायला जास्तीचं दिलं, काहींना डोक्यावरून हात फिरवला. थोड्या दिवसांनी त्या माणसाजवळ विश्वासानं कोण आलं? हात फिरवलेली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्यांना उभ्या आयुष्यात "हाड!" आणि दगड एवढंच मिळतं, अशी कुत्री आहेत ही.

अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं. हे शिकवायलाच महिने गेले असतील, आपल्याकडं माणसं पडून राहत नाहीत. मग मेंदूतला आनंदाशी निगडित भाग खाणं मिळणार असताना जास्त उजळतो की मालकाची शाबासकी मिळणार असताना, ते पाहिलं. बहुतेक कुत्र्यांत दोन्ही सारखंच किंवा शाबासकी वरचढ निघाली. पक्की खादाड फक्त दोन.

मात्र पाळणाऱ्यांचंही सगळं खरं मानू नका. "चप्पल कुरतडली की कसा अपराध्यासारखा बघतो बघा, त्याला कळतंय सगळं!" असं कुत्रेवाले छातीठोकपणे सांगतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ मध्ये हे तपासलं. गुन्हा केलेला असो की नसो, मालक रागावला की कुत्री तसं तोंड करतात, असं निघालं. उलट, काहीच न करता बोलणी खाल्लेल्यांचं तोंड जास्त पडलं होतं. तुमचा आवाज आणि पवित्रा त्याला कळतो. चपलेचा हिशेब त्याच्याजवळ नसतो.

तुमचा ताण मात्र त्याला कळतो, आणि तोही नाकानं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठानं २०२२ मध्ये चार शिकवलेल्या कुत्र्यांपुढं माणसांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने ठेवले. काही नमुने माणूस निवांत असतानाचे, काही अवघड गणितं सोडवायला लावल्यानंतरचे. नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा कुत्र्यांनी ताणातला नमुना बरोबर हुंगून काढला. बँकेची नोटीस आलेली घरात कुणाला सांगितली नसेल, तरी घरात काहीतरी बिनसलंय हे पायाशी बसलेल्याला आधी कळायची शक्यता आहे.

कुत्र्यानं आयुष्य वाढतं म्हणे?

वर्तमानपत्रांतून मधूनमधून येणारी ही बातमी मुख्यतः स्वीडनमधून आलेली आहे. तिथं कुत्र्याची सरकारदरबारी नोंद सक्तीची आहे आणि माणसांच्या दवाखान्याच्या नोंदीही चोख. त्यामुळं ४० ते ८० वयाच्या ३४ लाख माणसांची सुमारे बारा वर्षांची माहिती पडताळता आली. २०१७ मध्ये निकाल आला: एकटं राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडं कुत्रं होतं, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचा धोका कुत्रं नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होता. भरल्या घरातल्या माणसांत हा फरक ११ टक्क्यांवर आला.

इथं एक पारिभाषिक शब्द लागतो, सहसंबंध. दोन गोष्टी बरोबर आढळणं म्हणजे सहसंबंध. एकीमुळं दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर असतो त्यांची पोरं पुण्याला शिकायला असतात, हे गावात कुणीही पाहून सांगेल. म्हणून कर्ज काढून ट्रॅक्टर आणला की पोरगं पुण्याला पोचतं, असं नाही; मुळात जमीन आणि पाणी असतं म्हणून दोन्ही असतं. तसंच, ज्यांची तब्येत बरी आहे, ज्यांना चालणं-फिरणं जमतं, तीच माणसं कुत्रं पाळायला धजत असतील. संशोधकांनी वय, शिक्षण, उत्पन्न असे फरक हिशेबात धरले होते, तरी ही शंका पुरती मिटत नाही.

तरीपण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फायदा सगळ्यात जास्त दिसला तो एकट्या माणसात. घरात दुसरं कुणी असलं की फिरवणं, खाऊ घालणं, दवाखान्यात नेणं वाटून जातं. एकट्याच्या घरात सगळं त्यालाच करावं लागतं. मला वाटतं गोम इथंच आहे.

दिवाळीनंतरची रिकामी घरं

दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालन्याच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, भांडी, लेकरं ट्रॅक्टरमध्ये, आणि मागं राहतात म्हातारी माणसं. ज्यांची पोरं ऊसतोडीला जात नाहीत, त्यांची चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत असतात. घर तेवढंच रिकामं.

बीड जिल्ह्यात माझी एक मावशी अशीच एकटी राहते. तिच्याकडं राजा नावाचं तांबूस गावठी कुत्रं आहे, एका कानाचं टोक फाटलेलं. सकाळी ती चूल पेटवते ती राजासाठी, असं ती कबूल करणार नाही. पण स्वतःपुरतं करायचं असतं तेव्हा ती कालची शिळी भाकर चहात बुडवून भागवते हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. राजा दाराशी येऊन उभा राहिला की काटवट निघते, पीठ मळलं जातं, तवा तापतो. पहिली भाकर त्याची. ती कुस्करून ताकात कालवायची, आणि वाढताना शिव्या: "कुठं उलथलतास रं मेल्या रातभर? मी काय तुजी वाटच बघत बसावं का?" तो शेपटीनं ओसरी झाडत सगळं ऐकून घेतो. मग दुसरी भाकर ती स्वतःसाठी टाकते, कारण तवा तापलेलाच असतो. संध्याकाळी तो शेताकडं निघाला की ती काठी घेऊन मागं. वाटेत चार बाया भेटतात, त्या आधी राजाची चौकशी करतात, मग तिची.

यात चमत्कार काही नाही. वेळेवर ताजं जेवण, चालणं, दिवसातून चार माणसांशी बोलणं आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही भावना. डॉक्टरनं ह्याच चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या असत्या तर मावशीनं तो कागद कपाटात ठेवून दिला असता. कुत्र्यानं काही दिलं, म्हणजे तिच्याकडून हे रोज करून घेतलं. माझ्या मते कुत्रं माणसाला देतं ते मुख्यतः या मार्गानं देतं, आणि म्हणूनच फाटकाशी चोवीस तास साखळीला बांधलेलं कुत्रं मालकाला जवळजवळ काहीच देत नाही. त्याच्याकडं कुणी बघत नाही, त्याला कुणी फिरवत नाही, भाकर लांबून फेकली जाते. ते पिंजारलेलं, चिडकं होतं आणि मग "कुत्रं लई डेंजर आहे" म्हणून मालक खूश होतो.

दहा मिनिटं पुरतात का?

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, ते लाळेतून मोजता येतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाला कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळू दिलं, दुसऱ्याला इतरांना कुरवाळताना नुसतं बघू दिलं, तिसऱ्याला त्याच प्राण्यांचे फोटो दाखवले, चौथ्याला ताटकळत ठेवलं. कॉर्टिसॉल स्पष्टपणे कमी झालं ते पहिल्या गटाचं. २०१९ चा हा अभ्यास वाचताना मला लातूर आठवलं. नीटच्या तयारीला आलेली हजारो पोरं तिथं खोल्यांत कोंडून अभ्यास करतात. त्या गल्ल्यांतल्या चहाच्या टपऱ्यांजवळ लठ्ठ झालेली गावठी कुत्री दिसतात, आणि त्यांना पारले बिस्कीट घालत, पाठ खाजवत बसलेली पोरंही. क्लासवाल्यांना तो वेळेचा अपव्यय वाटत असणार. अर्थात दहा मिनिटांनी नीटचा पेपर सुटत नाही, आणि ज्याला खरंच नैराश्य आलंय त्याला डॉक्टरच लागतो. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याला लस नाही, त्याच्या तोंडाशी खेळूही नये.

कोणतं कुत्रं?

लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात कुत्रं पाळणारे लोक आठवड्याला दीडशे मिनिटांच्या व्यायामाचा पल्ला इतरांपेक्षा चौपट शक्यतेनं गाठतात असं दिसलं. आपल्या खेड्यात हे लागू होईल का, मला शंका आहे. तिथं कुत्रं स्वतःच गावभर फिरून येतं आणि मालक पारावर बसतो. संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या फ्लॅटमधल्या माणसाला मात्र पट्टा हातात धरून उतरावंच लागतं.

पण फ्लॅटमध्ये येतं काय? हस्की. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेलं कुत्रं, परभणीच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ वर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करतं. त्यावर दाट लोकरीचा दुहेरी कोट. एसी लावून ठेवतो म्हणतात, आणि वीज? हा हौसेपोटी केलेला छळ आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

आपल्या भागाला शोभणारी कुत्री आपल्याच भागात आहेत. लांब पायांचं, सडपातळ, वाऱ्यासारखं पळणारं कारवान. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यासाठी ओळखलं जातं. केसाळ प्रकाराला पश्मी म्हणतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात कारवानचंच नाव मुधोळ, आणि ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरतं. मात्र कारवानला पळायला रान लागतं. वन-बीएचकेत आणू नका. तिथं साधं गावठी पिल्लू बरं. काटक, कमी आजारी पडणारं, फुकट.

"कुत्रं रडलं की कुणीतरी जातं"

आपलं कुत्र्याशी नातं मोठं दुटप्पी आहे. खंडोबाजवळ कुत्रं, माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव तर कुत्र्यानं पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही कथा घराघरात सांगतात. आणि शिवी द्यायची तर पहिलं कुत्रंच आठवतं. रात्री ते रडलं की यमदूत दिसला.

रडणं म्हणजे लांबवर हाक घालणं. लांडग्यांचा कळप एकमेकांना असाच हाका घालतो. एकटं पडलेलं, आजारी, दूरच्या भोंग्यानं किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या आवाजानं चेतलेलं कुत्रं रडतं. गावात रोज कुठंतरी कुत्रं रडतं. मयत झालेल्या रात्रीचं तेवढं ध्यानात राहतं.

किल्लारीचं नाव निघालं की हेच येतं: कुत्र्यांना आधीच कळलं होतं. भूकंपात आधी एक जलद पण हलकी लाट येते आणि मागून जोराची. पहिली लाट कुत्र्याला जाणवू शकते, पण तो फरक केंद्राजवळ काही सेकंदांचाच असतो. काही तास किंवा दिवस आधी कळतं याला भरवशाचा पुरावा नाही. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची. विसर्जनाचे ढोल रात्री उशिरापर्यंत वाजत होते. कुत्री भुंकली नसती तरच नवल.

चावलं तर? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका

रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचत नाहीच. जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसं यानं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यामुळं. तेव्हा ग्रुपवर लेकराचा फोटो टाकणारा माणूस कुत्र्यांचा वैरी आहे असं समजू नका. त्याची भीती खरी आहे.

पण हा रोग थांबवता येतो, कारण विषाणू जखमेतून नसांच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडं जातो आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेला चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची, तेल काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा; लस तिथं मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना गेला. आता दंडात चार-पाच डोस असतात, ठरलेल्या तारखांना, आणि ते सगळे घ्यायचे. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर जखमेत तयार प्रतिद्रव्याचं आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं. डॉक्टरला आठवण करून द्यायला लाजू नका. पिल्लाचं बारीक दात लागलं, घरचंच कुत्रं होतं, असली कारणं काढू नका.

आणि कुत्र्याच्या बाजूनं: एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की तिथली रेबीजची साखळी तुटते. तुमचं कुत्रं त्या सत्तरांत हवं.

मग पाळावं का?

घरात रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास देणारं एक तरी माणूस असेल तर पाळा. लेकरांनी हट्ट केला म्हणून पाळाल तर ते काम शेवटी आईवर येतं, हे आधीच मान्य करून ठेवा. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. आज सातवीत असलेलं पोरगं तोवर नोकरीला लागलेलं असेल.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. आणल्या आणल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून लसींचं कार्ड करून घ्या. पार्व्हो नावाच्या रोगात रक्ताचे जुलाब होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात आणि तो लसीनं टळतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर दर वर्षी. जंताचं औषध, पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष, योग्य वयात नसबंदी. खाण्यात कांदा-लसूण घातलेलं कालवण नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या घरात ही चूक हमखास होते, कारण उरलेलं कालवण भाकरीवर ओतायची रीतच आहे. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको. उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं पसरट भांडं, दिवसातून दोनदा भरलेलं. दुपारच्या डांबरावर फिरवायला नेऊ नका. हाताचा तळवा रस्त्यावर ठेवून बघा, टेकवत नसेल तर त्याचेही पाय भाजतात.

आणि ते गेल्यावर रडायला आलं तर येऊ द्या. "कुत्र्यासाठी कुणी रडतं का" म्हणणारे भेटतील. ज्याच्या पायी इतकी वर्षं दिवस उजाडायचा त्याच्या जाण्यानं घडी विस्कटते, जेवणाच्या वेळा चुकतात, म्हाताऱ्या माणसाचं तर बाहेर पडणंच बंद होतं. एकट्या राहणाऱ्या नातलगाचं कुत्रं गेलं असेल तर नुसता फोन करून भागवू नका. चार दिवस संध्याकाळी जाऊन त्यांच्यासोबत त्याच वाटेनं चालून या.